उजव्या हाताची बंदूक

बंदूक ठरवायला मला अकरा महिने लागले. नळी, काडतूस, गोळी, चाप, दुर्बीण, एकेक गोष्ट मी इतकी पारखून घेतली की बायको म्हणाली, लग्नाआधी मला एवढं पाहिलं नव्हतंस. आणि ज्या एका प्रश्नाचं उत्तर मी विचार न करता देऊन टाकलं, नेमकं तेच चुकलं.

आम्ही आयर्लंडमध्ये, नावनला राहतो. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात आहे. आमच्याकडे माणसांचे कृत्रिम गुडघे बनतात. माझं काम असं की वस्तू बनायच्या आधी तिच्यात काय काय बिघडू शकतं याचा तक्ता करायचा. असा माणूस पुढे कशालाच सरळ हात घालत नाही. टूलरूममधला एक म्हातारा आयरिश सहकारी, आता निवृत्त झालेला, मला दोन हिवाळे हरणांच्या शिकारीला बरोबर नेत होता. माझ्या हातात तेव्हा फक्त दुर्बीण असायची आणि नंतर ओढत आणायला हरणाचे पाय. शेतकरी त्याला बोलवायचे, कारण हरणं नवी लावलेली झाडं सोलून खातात. त्याचा नियम एकच होता: एक गोळी, आणि जनावर जागच्या जागी पडलं पाहिजे. ते जमत नसेल तर घरी बसावं.

मला ते जमवायचं होतं. मारायची हौस म्हणून नाही. आयुष्यात एक तरी काम असं करावं की ज्यात कुणाला दुखणार नाही, एवढंच डोक्यात होतं. आता लिहिताना हे वाक्य वाचून माझं मलाच हसू येतं, आणि ते चांगलं हसू नाही.

इथे परवाना बंदुकीच्या नंबरावर मिळतो, म्हणजे आधी बंदूक ठरवायची, मग पोलिसांकडे अर्ज. मी तक्ता उघडला. म्हातारा जन्मभर तीनशे आठचं काडतूस वापरत आला होता. मी साडेसहा मिलिमीटरचं घेतलं, कारण धक्का कमी बसतो आणि धक्क्याच्या भीतीने नेम हलत नाही. गोळी शिशाची नाही, तांब्याची, कारण शिशाचे बारीक कण मांसात राहतात आणि ते मांस माझी सहा वर्षांची मुलगी खाणार होती. तांबं हलकं, म्हणून नळीतला पीळ कसा हवा, हेही पुन्हा मोजलं. चुकण्याची तेवीस कारणं लिहिली. तेविसावं होतं 'माणूस'. त्याच्यासमोर मी 'सराव' एवढा एक शब्द लिहून पुढे गेलो.

डंडॉकच्या बाहेर, घरामागच्या शेडमध्ये, एक कारागीर बंदुका बांधतो. त्याने माझा हात मोजला, मानेची उंची मोजली, गाल लाकडावर कुठे टेकतो ते पाहिलं. मग विचारलं, "राइट ऑर लेफ्ट?"

"राइट," मी म्हणालो.

त्याची नजर माझ्या उजव्या मनगटातल्या घड्याळावर गेली. "यू शुअर?"

"शुअर."

मी डावखुरा जन्मलो. वडील साताऱ्याकडच्या एका गावात हेडमास्तर होते, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. डाव्या हाताने पेन्सिल धरली की बोटांच्या पेरांवर फूटपट्टीची कड बसायची. डाव्या हाताने घास घेतला की ताट बाजूला. देवळात प्रसादाला डावा हात पुढे केला म्हणून चारचौघांत कानाखाली खाल्लेली मला अजून आठवते. प्रसाद खडीसाखरेचा होता. तिसरीपर्यंत मी उजवा झालो. लिहितो उजव्याने, जेवतो उजव्याने. सुईत दोरा ओवायचा असेल, घट्ट झाकण उघडायचं असेल, अंगावर काही पडत असेल, तेव्हा मात्र डावाच हात आधी निघतो. हे मी कुणालाही सांगत नाही. चाळिशी उलटली तरी 'लेफ्ट' म्हणायला माझी जीभ रेटली नाही. त्या माणसाने अक्रोडाचा सुरेख दस्ता केला, उजव्या तळव्यासाठी फुगवटा ठेवून.

नेमबाजीच्या रेंजवर सगळं झकास होतं. बाकावर बसून, डावा डोळा मिटून, श्वास धरून, शंभर मीटरवर तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकतील अशा. सराव झाला, असं मी तक्त्यात भरून टाकलं.

ऑक्टोबरात अण्णा आणि आई तीन महिन्यांसाठी आले. माझी मुलगी डावखुरी आहे. आठवडाभरातच बायको एकदा म्हणाली, "अण्णा तिचा चमचा बदलतात रे. बंद दाराआड नाही, सगळ्यांसमोर. तू बोल त्यांच्याशी." ती हॉस्पिटलच्या ड्युटीवर निघाली होती, कोट घालता घालता बोलत होती. मी गोळ्या वजन करून निवडत होतो, दाण्याएवढ्या फरकाने वेगळ्या काढत होतो. "हो, बोलतो," मी म्हणालो. बोललो नाही. अण्णांसमोर मी आजही मूग गिळून बसतो. बाकी सगळीकडे माझा आवाज चढतो, ते बायकोला चांगलं ठाऊक आहे.

नोव्हेंबरात एका सकाळी, उजाडता उजाडता, म्हातारा आणि मी कुंपणाला लागून उभे होतो. एक मादी झाडीतून बाहेर आली. शंभर मीटरही नव्हते. बंदूक तिकाटण्यावर होती. ती आडवी उभी राहिली, मग चालायला लागली, आणि म्हातारा पुटपुटला, "नाऊ."

त्या क्षणी माझे दोन्ही हात अदलाबदल करायला निघाले. खरंच निघाले. बंदूक डाव्या खांद्याकडे सरकली, फुगवटा चुकीच्या तळव्यात रुतला, मी ती परत उजवीकडे ओढली, आणि तेवढ्यात मादी निघून जाईल म्हणून चाप खेचला. दाबला नाही, खेचला. मादी मागच्या अंगाने खचली आणि मागचे पाय फरपटत झाडीत शिरली.

ती आम्हाला दुपारी सापडली, म्हाताऱ्याच्या कुत्रीमुळे, पाण्याच्या चरात. जिवंत होती. माझी महागाची तांब्याची गोळी पोटातून मागे गेली होती आणि नेमून दिल्यासारखी फुलली होती. तिचं काम तिने चोख केलं होतं. म्हाताऱ्याने आपल्या बंदुकीने ते संपवलं. मग त्याने गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे फेकल्या. मी झेलल्या.

"बघ, कुठल्या हाताने झेलल्यास," तो म्हणाला. "कारागिराने मला सांगितलं होतं, तुला दोनदा विचारलं म्हणून. त्या बिचारीला सहा तास कशासाठी पडून राहावं लागलं, सांग."

कुठल्या तोंडाने सांगणार होतो, की फूटपट्टीसाठी?

घरी आलो तेव्हा अण्णा टीव्हीसमोर होते. "एका गोळीत मेलं का हरीण?" त्यांनी उत्साहाने विचारलं.

"नाही. सहा तास तडफडलं. अण्णा, मी डावखुरा आहे."

"व्हतास," ते म्हणाले. "मोडली सवय. आरं, म्हणून तर माणसात आलास." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. एखादं अवघड पोर पास करून दाखवलेल्या मास्तराचं असतं तसं. मला त्यांचा राग आला, आणि त्या रागातही मी त्यांना 'तुम्ही' सोडून बोलू शकलो नाही. मी म्हणालो, "माझ्या मुलीचा हात तुम्ही धरायचा नाही." चाळीस वर्षांत मी त्यांना दिलेला हा पहिला हुकूम. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि परत आत गेली.

मुलगी टेबलावर बसून वरणभात खात होती. चमचा उजव्या हातात, भाताची शितं फ्रॉकभर. अण्णा तर तिच्या जवळपासही नव्हते. मी तिच्याजवळ गेलो, चमचा काढून तिच्या डाव्या हातात दिला आणि म्हटलं, "असं जेव, बाळा. तुला हवं तसं."

तिने आधी आजोबांकडे पाहिलं. मग चमचा परत उजव्या हातात घेतला.

"इट्स ग्रँड, डॅडी," ती म्हणाली. "आय कॅन डू इट नाऊ."