काचेवर मारलेली शेड

असल्फ्याच्या बाळा नागवेकरने आयुष्यभर कुठलीही पाटी वाचायच्या आधी तिची शेड बघितली. दुकान कुणाचं, डॉक्टर कसला, हे नंतर. आधी अक्षरावर उजेड कुठून पडतोय ते बघायचं. उजेड डावीकडून, वरून. शेड उजवीकडे, खाली. हा त्याच्या उस्तादाचा नियम आणि बाळाने तो कधी मोडला नाही. अक्षर समोरच्या फुटपाथवरून बोटांनी उचलून घ्यावंसं वाटलं पाहिजे, असं तो म्हणायचा. घाटकोपरपासून साकीनाक्यापर्यंत एके काळी निम्मे बोर्ड त्याचे होते आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत सही असायची, ‘बाळा आर्ट्स, असल्फा’.

मग फ्लेक्स आलं आणि ब्रशची वाट लागली. बाळाने पंचेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. वर्गात सगळी विशीतली पोरं. पहिल्या दिवशी मास्तरांनी मशीन चालू केलं, तेव्हा पोरं गेम कुठे आहे ते शोधत होती आणि बाळा स्क्रीनला नाक लावून बसला होता. करड्या रंगाची बटणं, प्रत्येकाला वर आणि डावीकडे पांढरी रेघ, खाली आणि उजवीकडे काळी. दाबलं की रेघांची अदलाबदल व्हायची आणि बटण आत गेल्यासारखं दिसायचं.

“मास्तर,” तो म्हणाला, “आत कोणीतरी पेंटर बसलाय.”

त्या संध्याकाळी तो काहीच शिकला नाही. एकच बटण तासभर दाबत राहिला.

पुढे कॉम्प्युटरची रूपं बदलत गेली आणि बाळाने प्रत्येकाला शेरा दिला. बटणं फुगून चकचकीत झाली, तेव्हा तो म्हणाला, कोणीतरी लिमलेटच्या गोळ्या चोखून ठेवल्यात. पडद्यावरच्या वहीला चामड्याची शिवण आणि कपाटाला लाकडाच्या शिरा आल्या, तेव्हा तो खूश होता. शिरा काढणं किती कठीण ते त्याला माहीत होतं. मग एका सकाळी मशीनने स्वतःला अपडेट केलं आणि सगळ्या शेडा गायब. सपाट निळा, सपाट हिरवा, सपाट पांढरा. बाळा बराच वेळ बघत बसला आणि शेवटी म्हणाला, “पहिला हात मारून पेंटर जेवायला गेला आणि परत आलाच नाही.”

हे शेरे घरात सगळ्यात जास्त कुणी ऐकले असतील तर त्याच्या मुलीने, जान्हवीने. ती कमर्शियल आर्ट शिकली आणि साकीनाक्याच्या एका कंपनीत लागली. कंपनी ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रांसाठी बोटाने चालवायचे साधे कॉम्प्युटर बनवते, ‘सांगाती’ नावाचे. त्यातली ऑपरेटिंग सिस्टिमही कंपनीची स्वतःची आणि ती दिसते कशी, हे जान्हवीचं खातं.

“म्हणजे बटणं रंगवतेस,” बाळा म्हणायचा.

“इंटरफेस डिझाइन करते, पप्पा.”

“तेच ते. माझा ब्रश होता, तुझा उंदीर.”

दोन वर्षं खपून जान्हवीने सांगातीचं नवं रूप केलं होतं, सगळं काचेचं. बटणं पारदर्शक आणि त्यांच्यामागे हिरव्या पानांचा फोटो थोडा धूसर होऊन दिसायचा. जगात सध्या काच चालू आहे, असं तिचं म्हणणं. तिच्याच ऑफिसातल्या सौरभने सपाट रूप केलं होतं, ठळक रंगांचं. दोन्हींतून एकच पुढे जाणार होतं. साहेबांनी, म्हणजे चंद्रप्रकाश सरांनी, परीक्षा ठेवली होती. शनिवारी सहा म्हातारी माणसं बोलवायची. त्यांनी सांगातीवर डॉक्टरची वेळ ठरवायची. पाच जणांना जमलं तर काच पास. नाही जमलं तर जान्हवीची दोन वर्षं कचऱ्यात आणि सगळ्या मशीनवर सौरभचं सपाट.

काचेच्या रूपाचं एकच मशीन तयार होतं. गुरुवारी जान्हवी ते घरी घेऊन आली आणि आईसमोर ठेवलं. आईचं नाव कुंदा. तिचं सगळं आयुष्य मुंबईत गेलं तरी जीभ मालवणातच राहिली.

“आई, डॉक्टरची वेळ घे बघू.”

कुंदाने पानांवर बोट ठेवलं. काही झालं नाही. दुसऱ्या पानावर ठेवलं.

“आई, ‘पुढे’ दाब ना.”

“खंय आसा पुढे?”

“समोर आहे गं. चष्मा लाव.”

“चष्मो नाकार आसा. पानां बरी दिसतत गो, पण माका डॉक्टराकडे जावचा आसा, बागेत नाय.”

बाळा मागून हसला. जान्हवीने मशीन बंद केलं आणि जेवायच्या ताटावर तिने फक्त भात चिवडला. बाळाचं हसू तिथेच विरलं. मुलगी शनिवारी हरणार हे त्याला दिसत होतं, आणि का हरणार तेही. सांगून ती ऐकणार नव्हती. मागे एकदा त्याने शेडचं नाव काढलं होतं, तर ती म्हणाली होती, “पप्पा, शेड कोण लावतं आता? दहा वर्षांपूर्वी सगळ्यांनी काढून टाकली.”

शुक्रवारी जान्हवी ऑफिसला गेली. मशीन घरातच होतं, शनिवारी ती ते थेट परीक्षेला नेणार होती. दुपारी कुंदा आडवी झाल्यावर बाळाने माळ्यावरून डबे काढले. काळा ऑइल पेंट, त्यात पांढरा, किंचित निळा. रंग असा पातळ केला की काचेवर सावलीच पडल्यासारखी वाटावी. मशीन चालू करून त्याने डॉक्टरचं पान उघडलं. ‘पुढे’चं बटण उजवीकडे खाली. पुढच्या पानावरही तिथेच. त्याच्या पुढच्या पानावर ‘नक्की करा’, तेही तिथेच. जान्हवीची ही शिस्त बघून त्याला बरं वाटलं. मग हात हलू नये म्हणून मनगटाखाली काठी टेकवली आणि दोन नंबरच्या ब्रशने स्क्रीनच्या काचेवर, बटणाच्या कडेने, एक उभी आणि एक आडवी रेघ ओढली. एका झटक्यात. बटण धुक्यातून वर आलं.

वर्षानुवर्षांनी हात चालला होता. त्या आनंदात त्याने ‘नक्की करा’च्या पुढचं पान काही उघडून बघितलं नाही.

शनिवारी असल्फ्याच्या ज्येष्ठ नागरिक संघातली सहा मंडळी साकीनाक्याला पोचली. म्होरक्या होत्या शांताबाई, शेजारच्या बिल्डिंगमधल्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. बाळा त्यांना सोडायला म्हणून गेला आणि खाली चहाच्या टपरीवर थांबला. आत परीक्षा जान्हवीनेच आखली होती आणि तिचाच एक नियम होता, घेणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं. चेहरा अडखळला की लिहून घ्यायचं. म्हणून ती आणि चंद्रप्रकाश सर मशीनच्या मागच्या बाजूला बसले होते.

एकही चेहरा अडखळला नाही. माणसं यायची, बसायची, टक टक टक करायची आणि उठायची. जान्हवीला आपला आनंद लपवता येईना. सौरभ कोपऱ्यात पेन चावत होता.

सगळे झाल्यावर चंद्रप्रकाश सरांनी मशीनमधल्या नोंदी उघडल्या आणि वरपासून खालपर्यंत दोनदा वाचल्या.

“जान्हवी,” ते शेवटी म्हणाले, “सहाच्या सहा जणांनी डॉक्टरची वेळ घेतली.”

“सर.”

“आणि सहाच्या सहा जणांनी ती लगेच रद्द केली.”

जान्हवीला काही कळेना. शांताबाई अजून दारातच होत्या, वेफर्सची पुडी संपवत.

“शांताबाई, शेवटी तुम्ही काय दाबलंत?”

“ते खालचं गं. तीनदा दाबलं, चौथ्यांदाही दाबलं. एवढं उठून दिसणारं बटण न दाबता माणूस जाईल कसा?”

जान्हवीने मशीन आपल्याकडे वळवलं. शेवटच्या पानावर, बरोबर त्याच जागी, ‘रद्द करा’ होतं आणि त्याला झकास शेड होती. तिने पान बदललं. शेड तिथेच. मशीन बंद केलं. काळ्या स्क्रीनवरही ती तिरपं बघितलं की दिसत होती. सौरभने रुमालाने पुसून बघितलं, रंग हलला नाही. मग तो वाकला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातलं काहीतरी वाचू लागला.

“बाळा आर्ट्स, असल्फा,” तो म्हणाला. “सर, हा कोण व्हेंडर आपला?”

सही करायची नाही हे बाळाला सुचलंच नव्हतं. बोर्ड पूर्ण झाला की हात आपोआप त्या कोपऱ्यात जायचा.

बाळाला खालून बोलावण्यात आलं. चहाचा घोट तोंडात घेऊनच तो वर आला. जान्हवी त्याच्याकडे बघत नव्हती.

“हे तुम्ही केलंत?” चंद्रप्रकाश सरांनी विचारलं.

“दोन नंबरच्या ब्रशने,” बाळा म्हणाला. “पहिली तीन बटणं दाबली ना त्यांनी?”

“चौथंही दाबलं.”

“म्हणजे शेडने काम केलं. बटण चुकीचं होतं.”

“बटण नाही, पप्पा,” जान्हवी दातांतल्या दातांत म्हणाली. “काचेवरचा रंग पानाबरोबर बदलत नाही.”

हे बाळाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बोर्डाला एकच पान असतं.

चंद्रप्रकाश सरांनी परीक्षा रद्द केली. पंधरा दिवसांनी पुन्हा, दुसरी माणसं, आणि ही जान्हवीची शेवटची संधी. शिवाय नागवेकर नावाच्या गृहस्थांना बिल्डिंगमध्ये सोडायचं नाही, असं त्यांनी खाली वॉचमनला कळवलं.

रिक्षात जान्हवी बोलली नाही. घरीही तीन दिवस नाही. कुंदाला सगळा प्रकार शांताबाईंकडून कळला.

“तुमका शेड मारूक मशीनच गावला?” ती बाळाला म्हणाली. “भिंती संपल्यो?”

चौथ्या दिवशी सकाळचा चहा घेताना जान्हवीनेच तोंड उघडलं.

“लोकांनी माझं डिझाइन वापरलंच नाही, पप्पा. तुमचा ब्रश वापरला.”

“मग तूच लाव ना शेड. तुझी तर पानाबरोबर बदलेल.”

“शेड जुनी झाली.”

“काढली कशाला होती?”

“तेव्हा सगळ्यांनी काढली.”

“सगळ्यांनी का काढली?”

जान्हवीने कप खाली ठेवला. मग आत जाऊन लॅपटॉप घेऊन आली, बाळाच्या पुढ्यात ठेवला आणि कुणावर तरी उपकार केल्यासारख्या आवाजात म्हणाली, “किती काळी?”

“काळी नाही. काळी शेड नवशिके लावतात. मागे हिरवं आहे ना? हिरव्यातच बुडवून घे.”

“अशी?”

“पातळ कर. अजून. आता ते ‘रद्द करा’ बघू. त्याला शेड नको.”

“सगळ्या बटणांना सारखी लागते, पप्पा. नियम असतो.”

“दुकानाच्या नावाला शेड असते, ‘थुंकू नका’ला कोण मारतं?”

जान्हवी हसली नाही, पण तिने ‘रद्द करा’ची शेड काढली. पुढचे दहा दिवस संध्याकाळी दोघं डायनिंग टेबलावर भांडत बसायचे. एकदा तिने त्याला उंदीर हातात दिला, तर त्याने मनगटाखाली काठीच मागितली.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी बाळाला घरी बसवून ठेवलं होतं. दुपारी जान्हवी आली, चपला काढल्या आणि पाणी प्यायली. बाळाने पेपर वाचत असल्याचं दाखवलं.

“किती?” कुंदाने विचारलं.

“सहातली एक बाई आयत्या वेळी आलीच नाही. मग मी शांताबाईंना फोन केला.”

“ती तर मागेच येऊन गेली होती,” बाळा पेपरमागून म्हणाला.

“दुसरं कोण मिळणार होतं? पहिल्या पाचांतले चार पास झाले. एक आजोबा मागच्या हिरव्या पानांचंच कौतुक करत बसले. म्हणजे सगळं शांताबाईंवर आलं.”

“मग?”

“वेळ घेतली. एकदम व्यवस्थित, दोनदा ‘पुढे’ आणि एकदा ‘नक्की करा’. मग थांबल्या. पानभर नजर फिरवली, ‘रद्द करा’ शोधून काढलं आणि दाबलं.”

बाळाने पेपर खाली ठेवला. चेहरा पार पडला होता.

“सर म्हणाले, संपलं. मी म्हटलं, सर, एकदा त्यांना विचारा तरी. शांताबाई म्हणाल्या, त्या डॉक्टरकडे मी मरेन पण जायची नाही, मागच्या वेळी तो मला आजी म्हणाला होता.”

कुंदा पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“सरांनी पाच मिनिटं विचार केला,” जान्हवी म्हणाली. “मग म्हणाले, रद्द करायचं होतं आणि रद्द करता आलं, म्हणजे हीसुद्धा पासच. काच जातेय, पप्पा. सगळ्या मशीनवर.”

बाळाने उठून खिडकी उगाचच लावली आणि पुन्हा उघडली.

“शेडबद्दल काय म्हणाले?”

“त्यांना फार आवडली. सौरभ आता त्याच्या सपाट बटणांनाही लावतोय. मीटिंगमध्ये तिला नाव दिलंय, ‘सॉफ्ट लिफ्ट’. नवीन ट्रेंड आहे म्हणे.”

“लिफ्ट,” बाळा म्हणाला. जरा वेळ तो शब्द त्याने तोंडात घोळवला. “चालेल. वर्षभराने ते काढून टाकायला निघाले की मला सांग. मी वॉचमनशी ओळख करून ठेवतो.”