मी पडले ते शंकेमुळे नाही

त्यानं माझ्या काखेतली कुबडी ओढून घेतली आणि मागच्या माणसाकडं फेकली.

"चाल, बहिणी! प्रभूच्या नावानं चाल!"

तुमसरच्या बाहेर, राईस मिलच्या मागं मोकळं मैदान आहे. तिथं चंगाई सभा होती, प्रार्थनेनं आजार बरे करायची. तो मोठ्या शहरातून आलेला उपदेशक. पांढरा कोट, कानाला लावलेला माईक. मी स्टेजवर आपणहून गेले नव्हते. खाली बायकांत बसले होते. त्याच्या माणसानं कुबडी बघितली आणि मला दंडाला धरून वर नेलं. उपदेशकानं माझं नाव विचारलं नाही. मला काय पाहिजे तेही विचारलं नाही.

मी चांगला पाय पुढं टाकला. दुसरा उचललाच नाही. पडले. साडी गुडघ्याच्या वर सरकली. जो पाय मी आयुष्यभर झाकला, तो काडीसारखा पाय बाजूच्या मोठ्या पडद्यावर सगळ्या मैदानाला दिसत होता. कॅमेरावाल्यानं कॅमेरा हलवला नाही.

"उठ!"

मी उठले नाही. उठता येत नव्हतं.

तो लोकांकडं वळला. "हिच्या मनात शंका आहे. शंका आहे तिथं प्रभू काम करत नाही." आणि त्यानं पुढच्याला बोलावलं.

कुबडी कोणी आणून दिली नाही. मी हातांवर खुरडत पायऱ्या उतरले. आधी जिच्या शेजारी बसले होते, ती बाई सरकून बसली. माझी शंका तिला लागेल म्हणून असेल.

माझं माहेर आंबागडचं. किल्ल्याच्या खाली घर, धानाची शेती. लहानपणी ताप आला आणि पाय गेला. गावात मला नाव नव्हतं. लंगडी. भावासाठी सोयरीक घेऊन पाहुणे आले की आई म्हणायची, "बाई, तू ढोलीच्या खोलीत बस. पाव्हने गेले का बाहेर ये." धानाच्या ढोलीला टेकून, अंधारात बसायचं. बाहेर चहाच्या कपांचा आवाज. भावाचं जमलं, लग्न झालं. लग्नाच्या मांडवातही मी नव्हते.

मग मी तुमसरला आले. शिवणकाम शिकले. एका पायानं मशीन चालवते, काज-बटन करते, ब्लाऊज शिवते.

दुकानाच्या मागच्या गल्लीत सुमतीबाई राहतात. रिटायर्ड नर्स. त्यांच्या घरी प्रार्थना व्हायची. मी ब्लाऊज द्यायला गेले होते, तेव्हा दारात उभी राहिले. सुमतीबाई उठून आल्या.

"तुयं नाव काय, माय?"

सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माझं नाव घेऊन प्रार्थना केली. पायाचं काही बोलल्या नाहीत. माझं नाव कोणी देवापुढं घेतलं, असं आधी कधी झालं नव्हतं. मी इतकी रडले की उचकी थांबेना. त्या दिवसानंतर मी मशीन दुकानाच्या पुढच्या बाजूला आणली. रस्त्यावरून जाणारा-येणारा बघेल अशी. लपणं संपलं. मी त्यालाच चंगाई म्हणते. पुढं बाप्तिस्मा घेतला, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जायला लागले. आई रुसली, नंतर बोलायला लागली.

सभेनंतर मंडळीच्या कमिटीचे साहेब दुकानात आले. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहतात, स्वतःच्या गाडीनं येतात. सभा त्यांनीच भरवली होती. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"लोक विचारतात, त्या बाईचं काय झालं. रविवारी साक्ष दे. पाय हलका वाटतोय, एवढंच म्हण."

"पण हलका नाही वाटून राह्यला, साहेब."

"मग उपास कर. शंका गेली की वाटेल."

मी उपास केला. पोटात आग आणि समोर सुई. शिवणी वाकड्या यायला लागल्या. गिऱ्हाईक ओरडायचं, मी उसवायची, पुन्हा शिवायची. आणि सारखी स्वतःलाच तपासायची. कुठं आहे शंका? पोळ्याला आईकडं जाते, म्हणून? की दवाखान्यातून गोळ्या आणते, म्हणून? खरंच माझ्यातच खोट असेल तर? ढोलीच्या खोलीत होते तेव्हा माझा पाय वाईट होता. आता मीच वाईट ठरले होते. आणि ते देवाचं नाव घेऊन ठरवलं होतं.

सुमतीबाईंना विचारलं. त्या चिडल्या. माझ्यावर नाही.

"मी जलमभर दवाखान्यात सुया टोचल्या, माय. टोचताना मनात प्रार्थना करो. तवा प्रभू बाहेर उभा व्हता का?"

त्या रविवारी उपासनेत शेवंता साक्षीला उभी राहिली. शेवंता मिलमध्ये झाडलोट करते. तिची पोरगी रोशनी, तिला सिकलसेल आहे. आमच्याकडं घराघरांत आहे हा रक्ताचा आजार.

शेवंता म्हणाली, "पोरीच्या गोळ्या मी बंद केल्या. सभेत सांगतलं न, गोळी म्हंजे शंका. आता प्रभूच पाहील."

"हालेलुया!" साहेब म्हणाले. सगळे म्हणाले. टाळ्या.

रोशनी भिंतीशी चटईवर पडली होती. गुडघे पोटाशी धरलेले. डोळे पिवळे. टाळ्यांमध्ये तिचं कण्हणं मला ऐकू येत होतं. मला ऐकू येत होतं, म्हणजे सगळ्यांनाच येत होतं.

मी उभी राहिले.

"थांबा. टाळ्या नका वाजवू."

साहेब म्हणाले, "बस खाली. ही उपासना आहे."

"नाही बसत. प्रभूनं मले बरं केलं. पाय नाही केला, मले केलं. मी लपून राहो, आता नाही राहत. हेच माही साक्ष. पन हे पोरगी तडफडून राह्यली न आपुन टाळ्या पिटून राह्यलो. इले दवाखान्यात न्या."

"तू तुझ्या शंकेनं पडलीस. आता दुसऱ्यांना पाडतेस?"

"मी पडली, कारन पायात जीव नाही, साहेब. न तुमच्या उपदेशकानं माही कुबडी हिसकली. शंका नव्हती. तुमी मले खोटं बोलाले सांगतलं, तेही आज सगळ्याइले सांगतो."

शेवंता साहेबांकडं बघत होती. साहेबांनी मान हलवली, नाही म्हणून. तेवढ्यात रोशनी ओरडली, "माय व, लय दुखते."

शेवंतानं पोरगी उचलली.

ऑटोत शेवंता, रोशनी, सुमतीबाई आणि मी. भंडाऱ्यापर्यंत माझा हात रोशनीच्या डोक्यावर होता. मी मोठ्यानं प्रार्थना करत होते आणि मध्येच ऑटोवाल्याला ओरडत होते, "भाऊ, जल्दी घ्या न!" दवाखान्यात डॉक्टर शेवंताला रागावले. मग रक्त चढवलं. रोशनी वाचली. आजार गेलेला नाही, जाणारही नाही. गोळ्या रोज घ्याव्या लागतील. मी कोणाला चमत्कार म्हणून सांगत नाही.

आता मंडळीतल्या काही बायका माझ्याकडं ब्लाऊज टाकत नाहीत. काही जणी मागच्या दारानं येतात आणि हळूच विचारतात, "माह्या सासऱ्याची शुगरची गोळी बंद केली, चालू करू का?" मी म्हणते, आजच. मग त्यांच्या घरी जाते, म्हाताऱ्याच्या डोक्यावर हात ठेवते, नाव विचारते, प्रार्थना करते आणि गोळी गिळेपर्यंत समोर बसते.

मन शांत नाही. पण असली शांती मला नको, जिच्यात पोरीचं कण्हणं ऐकू येत नाही.

साहेबांनी निरोप पाठवला आहे. मंडळीसमोर माफी माग, नाहीतर येऊ नको.

मी येणार आहे. माफी मागणार नाही. तो उपदेशक पुन्हा येणार आहे म्हणतात. येऊ द्या. कोणी गोळ्या टाकून द्या म्हणालं की मी उठणार, भर सभेत, आणि आजारी माणसाला दवाखान्यात घेऊन जाणार. प्रार्थना वाटेत करीन.