बर्फात ठेवलेल्या चार नळ्या

एप्रिलमधल्या एका मंगळवारी रक्ताच्या चार नळ्या चिंचणीच्या दवाखान्यातून बोईसरच्या प्रयोगशाळेत पोचवायचं काम माझ्याकडे आलं. एरवी ते माझी बायको करायची. त्या दिवशी तिला पालघरला कॉलेजात बोलावलं होतं. पीएचडीच्या संशोधनाची मुदत तिला एकदा वाढवून मिळाली होती. आता वाढणार नाही, हे तिला त्या दिवशी तोंडावर सांगण्यात आलं.

तिचा विषय क्षयरोग. शरीरातल्या पेशी रक्तात अतिसूक्ष्म पिशव्या सोडत असतात. त्यांत आजाराची खूण सापडते का, हे ती तपासत होती. त्यासाठी पहिली गोळी घेण्याआधीचं रक्त लागतं, आणि निदान झालं की गोळ्या बहुधा त्याच दिवशी सुरू होतात. म्हणजे एका रुग्णामागे एकच संधी, तीही काही तासांची. तिला शेवटचे चार रुग्ण हवे होते. ते चौघेही त्या सकाळी दवाखान्यात होते.

तिने मला थर्माकोलचा डबा दिला. नळ्या उभ्या ठेव, हलवू नकोस, एवढंच सांगितलं. डब्यात बर्फ नव्हता. तो मुद्दामच टाळला होता हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांना विचारत आलो होतो, खात्री केली का म्हणून.

शेअर रिक्षात माझ्या शेजारी एक मासळीवाली बसली. पायाशी बर्फ घातलेला टब, वर ओलं गोणपाट. चौघांपैकी एक तिचा मुलगा होता, तारापूरच्या कारखान्यात कामाला. सकाळी दवाखान्यात ती त्याच्यासोबत होती, त्यामुळे डबा तिने ओळखला. बोईसरच्या अलीकडे ट्रक उलटला होता. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. “उतरना है तो उतरो, आज ये हिलनेवाला नहीं.”

“यात माज्या पोराचं रगत हाय ना?” तिने विचारलं.

“हो, मावशी.”

“आनी असा उनात घेऊन बसलास? शिकलेला दिसतोस. बोंबील नासतो, तर रगत नाय नासनार?”

मागून कुणीतरी हसलं. मी डबा उघडला. बर्फ तिनेच भरला, मासळीला भरतात तसा, थर देऊन, नळ्या बुडेपर्यंत. मला ते बरोबर वाटलं. रस्ता दोन तासांनी मोकळा झाला.

बायको पालघरहून थेट प्रयोगशाळेत आली होती. तिने झाकण उघडलं.

“कधीपासून?”

“दोन तास.”

या पिशव्यांवर काम करणाऱ्या जगभरच्या संशोधकांनी काही दंडक ठरवले आहेत. रक्त कसं काढलं, किती वेळ ठेवलं, कोणत्या तापमानात ठेवलं, सगळं नोंदवायचं. आणि जे सापडलं ते नेमकं कुठून आलं हे दाखवल्याशिवाय दावा करायचा नाही. थंडीने रक्तातल्या प्लेटलेट बिथरतात आणि स्वतःच्या पिशव्या सोडू लागतात. मग आजाराच्या कोणत्या आणि बर्फाच्या कोणत्या, हे वेगळं करता येत नाही. नुसता उशीर असता तर तो नोंदवून चालवून घेता आला असता. बर्फाला तो मार्ग नव्हता.

तरीही तिने नळ्या यंत्रात फिरवल्या. पिशव्यांचा आकडा आला तो भरघोस. निरोगी माणसांच्या रक्तापेक्षा ठळकपणे जास्त. एवढा फरक दिसावा म्हणूनच ती इतकी वर्षं थांबली होती.

नोंदीचा तक्ता मी भरत असे. तापमानाच्या रकान्यापाशी मी थांबलो.

“खोलीचं लिही,” ती म्हणाली.

मी लिहिलं नाही.

“लिही ना. कोण होतं तिथे बघायला?”

“मी होतो.”

“मग तू लिही. माझ्या हाताने मला लिहायला लावू नकोस.” हे ती दोनदा म्हणाली.

पेन माझ्या हातातच राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने प्लेटलेटच्या खुणेची चाचणी स्वतः लावली. ती लावली नसती तरी लगेच कुणी विचारलं नसतं. चारही नळ्यांत खूण गडद आली, म्हणजे त्या जास्तीच्या पिशव्या बर्फाने सुटलेल्या होत्या. तिने तक्ता ओढला, “बर्फ, दोन तास” असं लिहिलं आणि चारही नावांवर रेघ मारली.

रक्त वापरता आलं नाही हे रुग्णांना कळवायचं, असा तिचा नियम होता. रविवारी आम्ही चिंचणीला गेलो. मासळीवाली ओट्यावर जाळं उलगडत होती. बर्फाचं कारण बायकोने सांगितलं नाही. नळ्या खराब झाल्या, एवढंच म्हणाली.

“मंग आज काढ की, बाय. घरातच हाय तो. रगत काय सपलंय त्याचं?”

“गोळ्या सुरू झाल्या ना, मावशी. आता उपयोग नाही.”

“तुजं शिक्षान अडलंय का याच्यावाचून?”

बायकोने मान डोलावली.

“मंग गोळ्या थांबवतो ना चार दिस! आमी कोनाला नाय सांगनार.”

आत मुलगा खोकला. बायको गप्प राहिली. ती किती वेळ गप्प राहिली हे मला सांगता येईल, पण मी ते लिहिणार नाही. मग तिने त्या बाईचे दोन्ही हात धरले.

“एकही गोळी चुकवायची नाही, मावशी. एकही नाही. शपथ घ्या.”

“घेतली,” बाई म्हणाली. “पन मंग तुजं काय व्हनार?”