पॉलिश पेपरचा म

सुताराचा जन्म लाकडात गेला, त्यामुळे माणसाच्या जिभेपेक्षा स्वतःच्या बोटांवर त्याचा भरवसा. कुणाच्या घरी गेला तरी खुर्चीखालून आधी हात फिरवणार, मग टेकणार. सून म्हणायची, "मामंजींचं चाललं असतं, तर मला बघायला आले तेव्हा उलटी करून तपासली असती."

नात साडेचार वर्षांची. तीन महिने शाळेत जात होती, पण वहीत एक रेघ नाही. घरी आली की हवेत बोट फिरवत "म्म्म" करत बसायची. म्हणे, बाई फळीवर चिकटवलेल्या अक्षरावरून बोट फिरवायला लावतात. अक्षरं कशाची, तर लाकूड घासायच्या खरखरीत पॉलिश पेपरची!

"पॉलिश पेपर लाकडाला मारतात, पोरांना नाही," सुतार सुनेला म्हणाला. "आपल्याला वेड्यात काढतायत. उद्या मीच बघून येतो. कुठं पाणी मुरत असेल, तर पोरीचं नाव काढून पलीकडच्या शाळेत घालू."

जप्तीला आलेल्या कारकुनासारखा तो वर्गात बसला. बाईंनी नातीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, हातात फळी दिली. तिनं दोन बोटं फिरवली. "म्म्म." दुसरी दिली. "स्स्स."

फळ्यांना खूण असणार, सुताराच्या मनात आलं. त्यानं सगळ्या कडा चाचपल्या. काही हाती लागेना. मग सकाळीच घरी पॉलिश पेपरचा ल कापून चिकटवलेली स्वतःची फळी पिशवीतून काढली आणि मुद्दाम खालचं टोक वर करून पुढं केली.

नातीचं बोट अडखळलं. तिनं फळी गर्रकन फिरवली. "ल्ल्ल. आजोबा, तुमचं टोचतंय!"

"झालं समाधान?" बाई म्हणाल्या.

"नाही."

त्यानं बाईंचा म घेतला, अक्षरावर अंगठा फिरवला. बोट पहिल्यांदा टेकतं तिथं कागद गुळगुळीत, आणि पुढं दांडी संपेपर्यंत वाट पडलेली. अशी झीज एका दिवसात, दाखवण्यापुरती करता येत नाही. नातीच्या बोलण्यापेक्षा हे त्याला पटलं. मग हात ळ वर गेला. कोरा करकरीत.

"याला कुणी शिवलेलं दिसत नाही."

"तिथवर अजून पोचलो नाही."

सुतारानं झिजलेल्या फळ्या काखेत मारल्या.

"अहो, कुठं नेताय?"

"नवा कागद लावून उद्या आणतो. बारीक दाण्याचा, पोरांची बोटं सोलायला नकोत. नाव राहू दे तिचं." दारातून तो परत वळला. "आणि ळ झिजला का, ते बघायला मी येणार. न सांगता."