एक्केचाळीस अर्धविराम

चिंतामण दातार मुद्रितं तपासायचे आणि त्यांची बायको चारुशीला त्यांना मूळ प्रत वाचून दाखवायची. वाईच्या छापखान्यात सुरू झालेली ही जोडी सांगलीला, विश्रामबागेत येऊनही मोडली नव्हती. पद्धत जुनी. चारुशीलाबाईंनी हस्तलिखित विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायचं, चिंतामणरावांनी छापील पानावर लाल पेन चालवायचं. "वीज गेली अर्ध गिरणी थांबली पूर्ण." शेजाऱ्यांना बरेच दिवस वाटत होतं की या घरात सकाळी दहाला कसलंसं अनुष्ठान चालतं.

अर्धविरामाच्या बाबतीत चिंतामणराव कडक होते. दोन वाक्यं आपापल्या पायांवर उभी असली आणि मध्ये 'आणि', 'पण' असं काही नसलं, तर अर्धविराम हवाच. तिथं स्वल्पविरामावर भागवणं म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीवर आपलं छप्पर टेकवणं, असं ते म्हणत. त्यांच्या हातून गेलेलं पान प्रकाशक पुन्हा उघडून बघत नसे.

फेब्रुवारीत चारुशीलाबाईंना पक्षाघात झाला. दवाखान्यात डॉक्टरांनी नाव विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चारुशीला स्वल्प चिंतामण स्वल्प दातार पूर्ण." डॉक्टरांनी कागदावर 'गोंधळलेली अवस्था' असं लिहिलं. चिंतामणरावांनी ते खोडायला सांगितलं.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, रोज वाचून घ्या, नाहीतर आहे ती वाचाही जाईल. चिंतामणरावांना वाचनाचा एकच प्रकार ठाऊक होता. प्रकाशक निमिष याचं शाळकरी व्याकरणाचं पुस्तक हातात होतंच. महिनाभर बरं चाललं. मग एका सकाळी, विरामचिन्हांच्याच धड्यात, वाक्य सरळ सरळ संपलं आणि चारुशीलाबाई म्हणाल्या, "अर्ध." पुढचं वाक्यही संपलं. "अर्ध."

चिंतामणरावांनी पेन उचलून तिच्याकडे पाहिलं. शब्द सगळे नीट आले म्हणून ती खूश दिसत होती. त्यांनी पूर्णविराम खोडून अर्धविराम केला.

पुस्तक छापून आलं तेव्हा निमिष स्वतः घरी आला. आवाज चढवला नाही त्यानं. चहाही घेतला.

"काका, त्या एका धड्यात एक्केचाळीस आहेत. मूळ प्रतीत सगळीकडे पूर्णविराम."

"असणारच."

"तुमच्या लक्षात नाही आलं?"

"पहिल्यालाच आलं."

"मग?"

"मग तिला सांगावं लागलं असतं."

निमिषनं आतल्या खोलीकडे पाहिलं. प्रती रद्दीत जातील, त्याचं तुम्ही मनावर घेऊ नका, म्हणाला. हल्ली हे सगळं कॉम्प्युटरवरच होतं, तुम्ही आता विश्रांती घ्या, असंही म्हणाला. जाताना टेबलावरचा पुढच्या पुस्तकाचा गठ्ठा त्यानं बगलेत मारला.

दुसऱ्या दिवशी दहाला चारुशीलाबाई भिंत धरत आल्या आणि आपल्या खुर्चीत बसल्या. टेबल रिकामं होतं. त्यांनी डावा हात पुढे केला.

चिंतामणरावांनी सकाळचं वर्तमानपत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. ओठ हलले, बराच वेळ हलले. शब्द एकही आला नाही.

"अर्ध," त्या म्हणाल्या.

ताडून बघायला समोर मुद्रित नव्हतं. चिंतामणरावांनी विजेचं बिल उलटं केलं, लाल पेनानं त्यावर एक अर्धविराम काढला, आणि मान हलवून पुढचं वाचायला सांगितलं.