मामांची ढोबळी, आत्याचा भोपळा

एकाच विषयावर जन्मभर बोलून न दमलेला माणूस उभ्या धाराशिव जिल्ह्यात शोधायचा झाला तर तो लोहाऱ्यात, माझ्या आत्याच्या घरी सापडेल. आणि ते ऐकून ऐकून दमलेला माणूस हवा असेल तर तो मी. आत्याच्या यजमानांना आमच्याकडं मामाच म्हणतात. तर या मामांचा विषय एकच: ढोबळी मिरची श्रेष्ठ की तांबडा भोपळा. पाऊसपाणी काढा, निवडणूक काढा, माझी रखडलेली बदली काढा, तिसऱ्या वाक्याला मामा ढोबळीवर येणारच. आत्या भोपळ्याच्या बाजूची. लग्नानंतर कधीतरी सुरू झालेला हा वाद, मुलं मोठी होऊन पुण्याला गेली तरी मिटला नाही. मी जीपमधून अंग आंबवून उतरावं, अजून चूळही भरलेली नसावी, तोच मामा विचारणार की क जीवनसत्त्व कशात जास्त. मी म्हणायचो, ढोबळीत. त्यावर आत्या भाकरी थापता थापता सांगायची की शिजवलं की ते क अर्धं पळून जातं, भोपळ्यातलं अ तसं पळपुटं नाही, आचेवर टिकून राहतं. मामा म्हणायचे, ढोबळी कच्ची खाता येते. आत्या म्हणायची, मग खा. आणि मामा खरोखरच एक अख्खी ढोबळी कचाकचा चावून खायचे आणि दुपारभर ढेकरा देत बसायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी शेतात ढोबळीसाठी शेडनेट उभारलं. तिला ऊन सोसत नाही, थंडी सोसत नाही, पाणी जास्त झालं तर रुसते, कमी झालं तर सुकते. माहेरी आलेल्या बाळंतिणीला जपावं तसे मामा तिला जपत. आत्याचा वेल मात्र उकिरड्यावर आपला आपण उगवायचा, गोठ्याच्या पत्र्यावर चढायचा आणि कुणाला न विचारता भोपळे धरायचा. तोडलेली ढोबळी आठवडाभरात सुरकुतते आणि भोपळा कोपऱ्यात महिनोन् महिने बसून राहतो, हा तिचा हुकमी मुद्दा. पण तिची एक अडचण होती. अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईनं लावायची नाही, अशी आमच्याकडं रीत आहे. त्यामुळं दर भोपळ्याला आत्याला विरोधी पक्षालाच हाक मारावी लागायची. मामा सुरी उगारून आधी भाषण करायचे, तोवर फोडणी करपायची आणि ती करपलेली भाजी आम्हा पाहुण्यांच्या ताटात यायची.

माणसांच्याही त्यांनी अशाच दोन वाटण्या केल्या होत्या. येडशीला चुलतबहिणीसाठी मुलगा बघायला गेलो, तेव्हा मुलाच्या वडिलांसमोर मामा म्हणाले, "पोरगं ढोबळी हाय बघा. वरून चकाकी, आत निस्ता वारा, पर गुण लई." त्यांच्या तोंडी याहून मोठी स्तुती नव्हती. हे समोरच्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. लग्न झालं, पण व्याही अजून मामांशी तुटकच बोलतात, आणि त्यांची समजूत काढायचं काम अजून माझ्याकडंच आहे.

गेल्या वर्षी आत्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि तिची भूकच गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की खाल्लं नाही तर औषधांचा उपयोग नाही. आत्या भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. आम्ही विनवलं, पुण्याहून आलेली पोरं रडली, शेजारणींनी घास धरून पाहिले. शेवटी मामा दोन वाट्या घेऊन तिच्या उशाशी बसले, एकीत पीठ पेरलेली ढोबळी, दुसरीत भोपळा, आणि धडधडीत खोटं बोलायला लागले. भोपळ्यात निव्वळ पाणी असतं म्हणाले. चार दिवसांत सडतो म्हणाले. आत्या वळली. "खोटं कशाला बोलता वो," ती म्हणाली. मामा म्हणाले, चव बघ आणि मग सांग. आता निवाडा द्यायचा तर दोन्ही वाट्यांतला घास घेणं आलं. मग हे रोजचंच झालं. मामा रोज वाद उकरून काढायचे, रोज हरायचे, आणि आत्या रोज थोडं खायची. मला जीपपर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "भांडती हाय तवर काळजी न्हाय." इतकी वर्षं ज्यांचा कंटाळा केला, ते मामा मला त्या दिवशी फार आवडले.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, "तुझी आत्या म्हंती, असंल, तुमचंच खरं." मी विचारलं, मग? "मग काय. वाट्या तशाच हायत." ज्या एका वाक्यासाठी हा माणूस जन्मभर भांडला, ते मिळालं होतं, आणि तो ते तक्रारीसारखं सांगत होता.

रजा टाकून गेलो. आत्या पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडली होती, मामा उशाशी बसले होते, मधे गार झालेल्या वाट्या. मला ढोबळीतलं क किंवा भोपळ्यातलं अ यातलं एक अक्षरही उच्चारायची ताकद नव्हती. तरी पाय धुऊन बसलो आणि भोपळ्याची बाजू घेतली. भोपळा डोळ्यांना चांगला, पोटाला हलका, टिकायला बळकट, पत्र्यावर वाढतो आणि कुणाकडं काही मागत नाही, असं शाळेतल्या पोरासारखं अडखळत बोलत गेलो. मामांनी एकही मुद्दा खोडला नाही. ते आत्याकडं बघत होते. माझे मुद्दे संपले.

मग भिंतीकडून बारीक आवाज आला, "बियांचं राहिलं की रे लेकरा."

"बियांत काय ठिवलंय," मामा म्हणाले. भोपळ्याची वाटी उचलून ते गरम करायला आत गेले.