गादीवरून उठताना

घरात लग्न ठरलं की पाहुणे जमतात आणि माणसाचा गुडघा गेला की किस्से. मी कुणाला सांगायला जात नाही, पण ते माझ्याआधी चिकपेटच्या बाजारभर फिरून येतात. तिथं आमचं आजोबांपासूनचं साड्यांचं दुकान. पांढरी गादी, गिऱ्हाईक मांडी घालून, आम्हीही मांडी घालून. माझे वडील, अप्पा, ऐंशीच्या पुढचे, अजून जमिनीला हात न लावता गादीवरून उठतात. आणि मी, त्यांचा पन्नाशीचा मुलगा, गुडघ्यात इंजेक्शनं घेतो. लाज वाटायला एवढंही पुरे होतं, पण तेवढ्यावर भागलं नाही.

*

पडलो कसा, तेच मुळी सांगण्यासारखं नाही. आमच्याकडे साडी दाखवायची म्हणजे दुकानदारानं स्वतः नेसून दाखवायची. शर्ट-पँटवरूनच निऱ्या आणि खांद्यावर पदर. नवरीकडची मंडळी समोर बसली होती. "पदर कसा पडतो बघा, अक्का," म्हणत मी ऐटीत गर्रकन वळलो आणि पाय निऱ्यांत अडकला. पदर खांद्यावरच राहिला, मी तेवढा खाली आलो. गुडघ्यात कट्‌कन वाजलं.

दोघांनी उचलून मला ऑटोत घातलं. ऑटो सुटणार एवढ्यात आमचा कानडी सेल्समन मंजुनाथ धावत आला. मला वाटलं, आपल्या काळजीनं आला बिचारा.

"अण्णा, साडी सोडा स्वल्प, जरा. नवरीनं तीच पसंत केलीय."

भर रस्त्यात, ऑटोत बसून, मी साडी सोडून दिली.

*

डॉक्टरांनी उपाय समजावून सांगितला. दंडातून माझंच रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं आणि त्यातला कामाचा भाग गुडघ्यात टोचायचा. अप्पा सोबत आले होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे माल आपला आणि गिऱ्हाईकही आपणच. मग तुम्ही मधले दलाल का?"

डॉक्टर हसले, पण माझा गुडघा त्यांच्या हातात होता. मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत बसलो.

*

पहिल्या इंजेक्शनच्या वेळी मी डोळे गच्च मिटून घेतले. गुडघ्याला गार काहीतरी लागलं आणि मी असा ओरडलो की बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"सर, इन्नू चुच्चिल्ल," नर्स शांतपणे म्हणाली. अजून टोचलेलंच नाही. नुसता कापूस फिरवलाय.

खरी सुई टोचली तेव्हा मी शरमेनं हूं का चूं केलं नाही. बाहेर आलो तर माझ्यानंतरचा नंबर असलेल्या आजी बाकावर नव्हत्या. त्या घरी निघून गेल्या होत्या.

*

खाली बसायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम झाला. मग गादीच्या कडेला खुर्ची आली. पाय समोर स्टुलावर, डोक्यावर देवांची कॅलेंडरं आणि खाली सगळी गिऱ्हाइकं. कोलारकडचे एक आजोबा सहकुटुंब आले. त्यांनी मला नीट न्याहाळलं, हात जोडले आणि घरातल्या सगळ्यांना ओळीनं माझ्या पाया पडायला लावलं. पाय मागे घ्यावा तर गुडघा वाकेना. शेवटी मी मुकाट आशीर्वाद दिले.

मंजुनाथ महिनाभर मला 'स्वामीजी' म्हणत होता. मला खरी बोच वेगळीच होती. माझ्या जागी अप्पा पुन्हा गादीवर बसायला लागले होते. या वयात दिवसभर त्यांची उठबस आणि मी वर खुर्चीत.

*

शेवटचं इंजेक्शन झालं. "आता थोडा वेळ खाली बसून बघा, पण सावकाश," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याच दिवशी मी अप्पांना म्हटलं, "आजपासून तुम्ही आराम करा." त्यांना गल्ल्यावर बसवलं आणि मांडी घालून बसलो.

सर्जापूर रोडच्या एक अक्का लेकीला घेऊन आल्या होत्या. आमचं जुनं गिऱ्हाईक. खरेदी झाली. "सरी, बरं, निघतो आम्ही," त्या म्हणाल्या. जुन्या गिऱ्हाइकाला पायरीपर्यंत सोडायला जायचं, ही आमच्या दुकानाची रीत. मी उठायला गेलो आणि गुडघ्यानं साफ नकार दिला.

"अक्का, ही एक बघूनच जा."

ती झाली. पुन्हा जोर लावला. पुन्हा नाही.

"आणि ही हिरवी?"

"अहो, किती दाखवाल?" लेक वैतागली. मला घाम फुटला होता. खुर्ची मागवावी तर अप्पा पुन्हा गादीवर येणार, हे मला माहीत होतं.

गल्ल्यावरून अप्पा उठले. माझ्याजवळ येऊन मांडी घालून बसले, दोन साड्यांच्या घड्या घातल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला जरा हात दे रे. गुडघे धरलेत माझे."

मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, दुसरा हात माझ्या बगलेत घातला आणि मला उचललं. आम्ही दोघं एकदमच उभे राहिलो.

अक्कांना गहिवरून आलं. "अप्पा, आता घरी बसा हो. मुलावर किती भार टाकणार?"

"खरंय, अक्का," माझी बगल न सोडता अप्पा म्हणाले. "मुलगा आहे म्हणून उठतो तरी."